पोंभुर्ण्याचा समुद्रकिनारा

सदतीस वर्षं तहसील कार्यालयात टिपण्या लिहिलेल्या माणसाला एक साधा अर्ज लिहिता येऊ नये, ही गोष्ट मी स्वतःहून कुणाला सांगितली नसती. पण आमच्या सौभाग्यवती अंजनाबाईंनी ती दळणाच्या चक्कीवर, बचतगटात आणि माझ्या व्याह्यांना फोनवर आधीच सांगून टाकलेली आहे. तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. शिवाय या सगळ्यात एका मुलीचे आमच्यावर उपकार झालेले आहेत, आणि उपकार सांगायला माणसानं लाजू नये.

मी वामनराव, निवृत्त अव्वल कारकून, मुक्काम पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर. निवृत्तीनंतर माणूस एकतर सकाळी फिरायला जातो, नाहीतर एखाद्या संस्थेचा सचिव होतो. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी सचिव झालो. संस्था लहानशीच. आठ किलोमीटरवर जंगलाला लागून एक गाव आहे, तिथल्या बत्तीस बायका मोहफूल वेचतात. त्यांचा गट आमच्या संस्थेखाली चालतो. अध्यक्ष आमचे भैयाजी. त्यांचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत त्यांच्याच खुर्च्या मोडतात.

एका सकाळी भैयाजी मोबाईल नाचवत घरी आले. मुंबईची कुठलीशी धर्मादाय संस्था जंगलगावच्या महिलांसाठी अनुदान देणार होती.

"वामनराव, आता गटाचं सभागृह होतेच!" ते म्हणाले. "समोर आपलं नाव, ग्रॅनाईटमध्ये."

अर्ज मीच लिहिणार, यात कुणाला शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती. टेबलावर कागद ठेवून मी "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" इथपर्यंत झपाट्यानं पोहोचलो. मग त्यांच्या फॉर्मातला पहिला प्रश्न वाचला: तुमचा बदलाचा सिद्धांत काय? बदलीचा सिद्धांत मला पाठ होता, ज्याचं वर कोणी नाही त्याची पार टोकाच्या सिरोंच्याला. बदलाचा माहीत नव्हता. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी अंजनाबाई म्हणाल्या, "अजी, त्या कागदावर आता धूळ बसून राह्यली."

मग शेजारधर्म जागा झाला. असले अर्ज लिहून देणारे लोक असतात, कुणाच्या नोकरीत नसतात, कामापुरते मिळतात, हे आम्हाला समोरच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं. त्यांना पैसे कसे द्यायचे, हे मात्र सगळ्या गल्लीनं सांगितलं. "टक्क्यावर ठेवा. जमिनीचा दलाल टक्क्यावर, बैलाचा दलाल टक्क्यावर, मग लिहिणारा काऊन नाई?" एकानं तर लग्न जुळवणाऱ्याचं उदाहरण दिलं. ज्यानं उदाहरण दिलं त्याचीच दोन्ही मुलं अजून बिनलग्नाची आहेत, पण सल्ल्याला अनुभव लागतोच असं नाही.

टक्क्यावरचा माणूस लगेच सापडला. चंद्रपूरहून हेमराज नावाचे गृहस्थ आले, पांढऱ्या गाडीतून. कार्डावर 'प्रकल्प सल्लागार' असं छापलेलं.

"काका, पहले एक रुपया नको मले," ते म्हणाले. "मंजूर झालं की पंधरा टक्के. नाई झालं तर तुमचं काय गेलं?"

"म्हणजे फुकटच झालं की!" असं म्हणून भैयाजींनी तर्री-पोह्याची दुसरी प्लेट मागवली.

हेमराजनी आमचे तीन कागद घेतले. गाव पाहायला चला म्हटलं तर म्हणाले, "गावात काय पाह्यचं काका, गावं सारी सारखीच असतात." सभागृहाचा खर्च आम्ही बारा लाख धरला होता. त्यांनी तो ऐकता ऐकता बेचाळीस केला. सभागृहावर मजला आला, मजल्यावर गच्ची आली, गच्चीवर महिलांसाठी योगकेंद्र आलं. पंधरा टक्क्यांचा आणि या मजल्यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. आठ दिवसांत शेहेचाळीस पानांचा इंग्रजी अर्ज तयार, स्पायरल बाइंडिंगसह. मी प्रत्येक पानावर सही केली. वाचलं का? आयुष्यभर मी कागदावर आधी सहीची जागा शोधलेली आहे, आणि या कागदांवर ती फार ठळक होती.

तीन आठवड्यांनी मुंबईहून फोन आला. बाईंचा आवाज अगदी मऊ होता.

"वामनरावजी, पान एकोणीसवर तुम्ही लिहिलंय की भरतीच्या वेळी तुमच्या मच्छीमार भगिनींच्या घरांत पाणी शिरतं. मला एवढंच विचारायचं होतं, पोंभुर्ण्यापासून समुद्र किती लांब आहे?"

आता अशा वेळी माणसाचं मूळ उफाळून येतं. मी म्हणालो, "मॅडम, माहिती घेऊन कळवतो."

बाई हसल्या असाव्यात, पण त्यांनी ते मला ऐकू दिलं नाही, हे त्यांचे उपकार. मग त्यांनी विचारलं, लिहिणाऱ्याला तुम्ही काय देताय? मी अभिमानानं पंधरा टक्के सांगितले.

"ते आमच्या पैशातून चालत नाही," बाई म्हणाल्या. "हे पैसे त्या महिलांचे आहेत. आणि टक्क्यावर लिहिणाऱ्याला गरज मोठी करूनच दाखवावी लागते. मग त्यात समुद्रही येतो. तुम्हाला पंचवीस दिवस आहेत. दुसरा अर्ज करा. लिहिणाऱ्याला कामाचे पैसे द्या, ठरवून द्या."

मी हेमराजना फोन लावला. ते जराही डगमगले नाहीत. "काका, समुद्र खोडा, जंगल लिवा. बाकी तेच राहू द्या."

त्या दिवशी मी जेवलो नाही. भरतीचं पाणी कुणाच्या घरात शिरलं नव्हतं, पण माझ्या सह्या शेहेचाळीस होत्या.

पूनमचं नाव अंजनाबाईंनी काढलं. त्यांच्या माहेरच्या ओळखीतली पोरगी, राहते गडचिरोलीत. नोकरी करत नाही. वेगवेगळ्या संस्थांचे अर्ज आणि अहवाल लिहून देते आणि त्यावरच घर चालवते. मला वाटलं होतं, एखादी लॅपटॉपवाली मॅडम उतरेल. मूल गावावरून येणाऱ्या एसटीतून एक तिशीतली मुलगी उतरली, पाठीवर बॅग, हातात वही. "जयभीम काका," म्हणाली, पाणी प्यायली आणि लगेच विचारलं, "गटातल्या बाया कोणत्या वेळी घरी भेटतात?"

"आधी पैशाचं बोलून घेऊ," भैयाजी म्हणाले.

"हो भाऊ, आधी तेच बोलू," पूनम म्हणाली, आणि वही उघडली. "अठरा हजार. निम्मे आज, निम्मे अर्ज पाठवला त्या दिवशी. गावात दोन दिवस येईन, दोनदा दुरुस्ती करून देईन. कागदपत्रं तुम्ही द्यायची. अनुदान मिळो का न मिळो, पैसे तेवढेच."

भैयाजींनी खुर्ची मागे सरकवली. "न मिळो? नाई मिळालं तरी पैसे? हे कोणतं हिसाब झालं पोरी?"

"भाऊ, तुमचं मंडपाचं काम आहे ना?"

"हाय."

"तुम्ही मंडप टाकला, लग्न लागलं, आणि सहा महिन्यांनी नवरा-बायकोचं पटलं नाई. मंडपाचे पैसे वापस करता का?"

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आतून अंजनाबाईंचा खाकरण्याचा आवाज आला, जो खाकरण्याचा नव्हता.

"आणि संसार चांगला झाला," पूनम पुढं म्हणाली, "तर हुंड्यातले पंधरा टक्के मागता का?"

नऊ हजार त्याच दुपारी निघाले. आम्हा पाच सभासदांच्या खिशातून निघाले, आणि प्रत्येकाचा हात खिशात जरा जास्तच वेळ राहिला, पण निघाले. करारनामा लिहायचं काम मी मागून घेतलं. पाचशेचा मुद्रांक आणला आणि "सबब लिहून देणार व लिहून घेणार" पासून सुरू करून सात पानं केली. पूनमनं ती मन लावून वाचली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि एका पानावर आणली. त्या एका पानात सगळं होतं: ती काय करेल, आम्ही काय करू, कधी, किती. माझ्या सात पानांत यातलं काय नव्हतं, ते मी नंतर शोधलं. आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या. भैयाजींनी सभागृहाचं वर्णन केलं, ग्रॅनाईटसकट. बायका ऐकत राहिल्या. पूनमनं मधेच विचारलं, "बायांनो, तुम्हाले काय पाह्यजे?"

मागून बुधरीबाई उठल्या. साठीच्या आतबाहेरच्या, गोंड घरातल्या, गटातल्या सगळ्यात जुन्या. गेल्या मोसमात मोहा वेचताना त्यांच्यावर अस्वल आलं होतं. उजवा हात कोपरापासून खाली आता नुसता लटकतो. हे मला माहीत होतं. नुकसानभरपाईचा अर्ज मीच लिहून दिला होता, उपरोक्त विषयान्वये.

"सभागृहात मोहा पडत नाई," बुधरीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी डाव्या हातानं लुगडं सावरलं आणि आम्हाला दाखवलं, मोहा कसा वेचतात ते. उजाडायच्या आत जायचं. कमरेत वाकायचं, चार-चार तास वाकूनच राहायचं. "वाकलेली बाई जनावराले बाई नाई दिसत. शिकारच दिसते. अस्वलालेबी मोहाच पाह्यजे राहते, आन् आमालेबी. फूल दिसावं म्हून खालचा पाला जाळतो, तं मंग जंगल पेटते, फॉरेस्टवाले आमालेच बोलतात. तिकडं दुसऱ्या गावात झाडाखाली जाळी बांधली हाय म्हणे. फूल जाळीत पडते. दिवस वर आल्यावर जायाचं, सोबतीनं जायाचं, गोळा करून आनायचं."

"जाळी किती झाडांना लागेल?" पूनमनं विचारलं.

आणि तिथं तासभर अशी चर्चा झाली की मी सचिव असूनही मला एक शब्द घालता आला नाही. कुणाची किती झाडं, कोणतं झाड किती पसरलेलं, दोघींत एक जाळी पुरेल का, पावसाळ्यात जाळ्या कुठं ठेवायच्या. पूनम लिहीत होती. उन्हं उतरली तेव्हा बेचाळीस लाखांचे तीन लाख साठ हजार झाले होते.

परतताना भैयाजी म्हणाले, "एवढ्याशासाठी मुंबईले हात पसरायचा म्हणजे लाजच वाटते." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "चार तास वाकून, हं?"

त्यानंतरचे पंधरा दिवस मला कोणी विचारू नयेत. संस्थेच्या नोंदणीत पोंभुर्ण्याचा 'भु' ऱ्हस्व होता आणि बँकेच्या पासबुकात दीर्घ. मुंबईच्या नियमाप्रमाणे दोन्ही नावं एक पाहिजेत. बँक म्हणाली, प्रतिज्ञापत्र आणा. प्रतिज्ञापत्रासाठी गेलो माझ्याच जुन्या कार्यालयात. ज्या टेबलावर मी अकरा वर्षं बसलो, तिथं बसलेला तरुण मान वर न करता म्हणाला, "काका, लाईन तिकडून आहे." लाईनमध्ये उभं राहिल्यावर माझ्या पुढच्या माणसानं मला समजावलं की इथले जुने बाबू तर याहून वाईट होते. मी होकारार्थी मान हलवली. बँकेतला तो दीर्घ 'भू' कोणी लिहिला होता म्हणाल, तर खातं उघडायचा फॉर्म माझ्याच हस्ताक्षरात होता.

आणि मग प्रस्तावना. ती मी लिहीन, असा माझा आग्रह. लिहिली: "निसर्गाच्या कुशीत वसलेल्या, वनराईच्या हिरव्या पदराखाली शतकानुशतके निद्रिस्त असलेल्या..." पूनमनं ती दोनदा वाचली.

"काका, वाक्य सुंदर आहे. पण यात कोण काय करते, ते मले सापडून नाई राह्यलं."

मी दुखावलो. दिवसभर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. अंजनाबाईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "सदतीस वर्षं लोकांचे अर्ज तुमच्याकडे आले. तुम्ही किती वाचले, मले ठाऊक हाय. आता तुमचा कोणी मन लावून वाचून राह्यलं, तं राग काऊन येते?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते उलटं धरलेलं होतं, हेही त्यांनी पाहिलं होतं, पण बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी पूनमला विचारलं, प्रस्तावनेत काय लिहू? ती म्हणाली, "बुधरीबाई बोलल्या तेच लिहा. तुमचं अक्षर आहे, त्यांचं बोलणं आहे." मी लिहिलं. अर्धं पान झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मसुद्यात 'सबब' आला नाही.

अर्ज ऑनलाईन पाठवायचा होता, संध्याकाळी पाचच्या आत. चारला नेट गेलं. नेट फक्त भैयाजींच्या गोदामाच्या गच्चीवर येतं, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा अध्यक्ष, सचिव आणि लेखिका असे तिघेही लोखंडी शिडीवरून वर चढलो. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी संस्थेसाठी काय केलं, त्याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नाही. चार वाजून बावन्न मिनिटांनी पूनम म्हणाली, "गेला."

खाली उतरल्यावर भैयाजींनी उरलेले नऊ हजार मोजले, पण हातातच धरून ठेवले. "निकाल लागेपर्यंत थांबलं तं?"

"भाऊ, करारात आज लिहिलं आहे," पूनम म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि माझं किराणा दुकान निकालापर्यंत नाई थांबत."

भैयाजींनी पैसे दिले. तिनं पावती लिहिली, बॅग उचलली आणि साडेपाचची एसटी पकडली.

जानेवारीत उत्तर आलं. नकार. अर्ज आवडला, पण यंदाचा निधी संपला. भैयाजी माझ्या ओसरीवर येऊन बसले. "बुडाले आपले अठरा हजार." शेजारी जमले, आणि प्रत्येकानं टक्क्यावरच ठेवायला सांगितल्याची आठवण दिली. माझ्या डोक्यात मार्चचा महिना होता. मोहा मार्चमध्ये पडायला लागतो, आणि तो कुणाच्या निधीसाठी थांबत नाही.

तिथूनच पूनमला स्पीकरवर फोन लावून कळवलं. मला वाटलं, ती म्हणेल वाईट झालं आणि फोन ठेवेल. ती म्हणाली, "काका, अर्ज तुमचाच आहे. तो खरा आहे, म्हणून दुसरीकडेही चालते. नागपुरात एक संस्था आहे, त्यांची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. मले दोन दिवसांचं काम पडेल. तीन हजार."

मी भैयाजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. ते उठले, खिशातून पैसे काढले आणि म्हणाले, "पाठवा. दोन दिवस ती काम करून राह्यली ना? मंग?"

फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरची माणसं गावात येऊन गेली. त्यांनी कागद कमी पाहिले आणि ती बायकांशी जास्त बोलली. आमच्या अर्जात लिहिलेलं आणि बायका सांगत होत्या ते एकच निघालं, याचं त्यांना फार नवल वाटलं. आठ दिवसांत पैसे मंजूर झाले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाळ्या आल्या, हिरव्या, गठ्ठ्यांनी. त्या बांधायला बांबू आणि दोर कुठून आणायचे, हा प्रश्न निघताच भैयाजींनी मंडपाचं सगळं सामान गावात उतरवलं. भर लग्नसराईत.

मी पहिल्या दिवशी पाहायला गेलो, उन्हं चांगली वर आल्यावर. बायका दोघी-दोघी, गप्पा मारत, ताठ उभ्या राहून जाळीची टोकं उचलत होत्या आणि पिवळसर फुलं घरंगळत टोपल्यांत पडत होती. बुधरीबाई वर्षभरात पहिल्यांदा जंगलात आल्या होत्या. एका जाळीचं टोक त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. मी सचिव म्हणून चार शब्द बोलावेत असं कुणाला वाटलं नाही. मी चष्मा पुसत बसलो.

भैयाजींना पूनमचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ आणि वर दहा हजारांचं पाकीट. मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली. "काका, माझे पैसे मिळाले. ते पाकीट जाळ्या फाटल्या की लागेल, ठेवून द्या. मले एक दाखला द्या फक्त, की मी तुमचं काम केलं. दुसऱ्या संस्था मागतात."

दाखला! मी नवं पेन काढलं. पण अंजनाबाई जवळच बसल्या होत्या, म्हणून मी साधंच लिहिलं. पूनम यांनी आमचा अर्ज लिहिला. त्या गावात येऊन बायकांशी बोलल्या. ठरलेल्या दिवशी काम दिलं, ठरलेले पैसे घेतले. त्यांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. आम्ही त्यांचे ऋणी आहोत. खाली सचिव म्हणून माझी सही, शेजारी अध्यक्षांची.

गटाचा शिक्का मारायला गावात गेलो, तर बुधरीबाईंनी कागद काय आहे ते विचारलं. वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "माहीबी सही घ्या."

बाई, तुमच्या सहीची गरज नाही, असं सांगण्याची सदतीस वर्षांची सवय तोंडापर्यंत आली होती. मी ती गिळली आणि पेन पुढं केलं. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. पूर्वी उजव्या हातानं सही करायच्या. डाव्यानं लिहायला त्या नातीच्या पाटीवर शिकत होत्या. बायका भोवती जमल्या. 'बु' झाला. थांबल्या, हात झटकला. 'ध' झाला, जरा मोठाच झाला, माझ्या सहीवर चढला. 'री' ला बराच वेळ लागला, वेलांटी दोनदा सुटली.

त्या दिवशी परत येईपर्यंत पोस्ट बंद झालं होतं. दाखला दुसऱ्या दिवशी गेला, तिन्ही सह्यांसह.